दाद न देणारा श्रोता

२०२५च्या जानेवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, हाउन्सलोमधल्या आमच्या शेजारच्या घरात एक कॅसेट तुटली. वेळ नक्की सांगता येते. दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. ती कॅसेट आम्हाला पलीकडून ऐकू यायची, आणि ती मध्येच बंद पडली तेव्हा मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट पाहत घड्याळाकडे बघत होते.

त्या घरात आई आणि मुलगी राहतात. आई चौसष्ट वर्षांची, सिरियातल्या अलेप्पो शहरातली. मुलगी विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात शिफ्टमध्ये काम करते. त्या राहायला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पहिल्या महिन्यातच आमच्या लक्षात आलं होतं की दर गुरुवारी दुपारी त्या घरात एक पुरुष ओरडतो. घरात पुरुष कोणी नव्हता.

आधी वाद्यं वाजायची, मग एका गायकाचा आवाज यायचा, भिंतीनं शब्द गाळून घेतलेला. साधारण अर्ध्या तासानं तो पुरुष. एकच शब्द, तीनदा. मग गाणं पुढे सुरू.

"आला बघ तुझा माणूस," हातातला पेपर खाली न घेता नवरा म्हणायचा.

"माझा कुठून?"

"त्याच्या वेळा तू लिहितेस. मी नाही."

वेळा मी लिहीत होते, हे खरं. पहिल्या आणि दुसऱ्या ओरडण्यात चार सेकंद, दुसऱ्या आणि तिसऱ्यात अकरा. पाच गुरुवार मोजले, पाचही वेळा तेच. जिवंत माणूस इतका नेमका ओरडत नाही. त्यावरून ते रेकॉर्डिंग असावं असं मी ठरवलं आणि त्यानंतर आम्ही त्याबद्दल बोलणं जवळपास थांबवलं. फक्त एकदा, नोव्हेंबरमध्ये, दोघी मायलेकी दोन वाजता गाडीतून जाताना मी खिडकीतून पाहिल्या होत्या. गाडी परत आली नव्हती, दिवे बंद होते, आणि तरी तो ओरडला. चार सेकंद, अकरा सेकंद.

कॅसेट तुटल्यावर वीस मिनिटांनी दारावरची बेल वाजली. शेजारीण उभी होती. कॅसेट तिनं भांडी पुसायच्या कोरड्या फडक्यात, दोन्ही हातांवर धरली होती.

"जारती," ती म्हणाली. तिच्या भाषेत शेजारणीला असं हाक मारतात आणि आम्ही एकमेकींना तसंच म्हणतो. "तुमचं काम रेडिओचं होतं ना?"

माझं काम रेडिओवर बोलण्याचं कधीच नव्हतं. ऐकण्याचं होतं. परदेशी केंद्रांवर काय बोललं जातं ते ऐकून बातमीदारांसाठी नोंद ठेवणाऱ्या एका खोलीत मी सव्वीस वर्षं बसले. माझ्याकडे मराठी, हिंदी आणि गुजराती. ऐकायचं, वेळ टाकायची, लिहायचं. स्वतःचं मत लिहायचं नाही. त्या नोंदीला आम्ही लॉग म्हणायचो. जुन्या काळात टेप तुटली की जोडायचं कामही आम्हीच करायचो.

तिला बसवलं. नवऱ्यानं चहा टाकला.

"ही माझ्या भावाची कॅसेट आहे," ती म्हणाली. आम्ही तिघंही इंग्रजीतून बोलत होतो. तिचं इंग्रजी सावकाश, पण पक्कं आहे.

"भाऊ गायचे?"

"नाही. ऐकायचा."

मग तिनं समजावून सांगितलं. तिच्या शहरात गाणं ऐकणाऱ्यालाही गाणाऱ्याइतकाच मान. घराघरांतून बैठका व्हायच्या. गायक ऊद नावाचं तंतुवाद्य जुळवता जुळवता आधी खोलीत नजर फिरवायचा: आज कोण ऐकायला आलंय? योग्य जागी 'अल्लाह' म्हणून दाद देणारे चारपाच कान समोर दिसले की मगच तो नीट गायचा. चुकीच्या जागी दाद देणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणं जात नसे. भाऊ सव्वीस वर्षांचा होता, शाळेत भूगोल शिकवायचा, आणि त्या वयात शहरातल्या जाणत्या श्रोत्यांत त्याची गणना होती. भिंतीतून येणारा तो शब्द म्हणजे 'पुन्हा'. एखादी ओळ परत म्हणायला लावणं हाही त्या श्रोत्यांचाच हक्क.

"आमच्याकडे याला वन्स मोअर म्हणतात," नवरा म्हणाला. "संगीत नाटकात. एखादं पात्र गाता गाता मरायचं. लोकांनी वन्स मोअर दिला की ते उठून बसायचं आणि पद परत म्हणायचं."

"मेलेला माणूस उठायचा?"

"हो. आणि पद संपलं की परत मरायचा."

आमच्याकडे या गोष्टीवर सगळे हसतात. तिनं कप बशीत ठेवला.

"चांगली पद्धत आहे," ती म्हणाली.

कॅसेट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. एका ओळखीच्या घरची बैठक, समोर सगळे पुरुष. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. रेकॉर्डर भावाचा, पण तो चालवायची ती. म्हणून तिला दाराशी, पडद्याच्या कडेला, यंत्रापाशी बसू दिलं होतं. गायकानं एक जुनी प्रेमाची रचना घेतली. त्यात प्रियकर म्हणतो की तुझ्या दाराशी इतका पहारा आहे, तरी झोप लागत नाही ती तुलाच. त्या दिवसांत शहराच्या चौकाचौकांत सैनिक होते. ओळ प्रेमाचीच होती, पण खोलीत बसलेल्या कोणीही ती प्रेमाची म्हणून ऐकली नाही. भाऊ म्हणाला, पुन्हा. गायकानं ओळ परत घेतली. भाऊ आणखी दोनदा म्हणाला.

नऊ दिवसांनी त्याला शाळेतून, चालू वर्गातून नेलं. त्यानंतर त्याची काहीही बातमी नाही. आईनं त्याच रात्री सगळे फोटो जाळले, कारण फोटोंत मित्रही होते. कॅसेट वाचली ती तिच्यावर 'इंग्रजीचे धडे' असं लिहिलेलं होतं म्हणून.

"बातमी बाहेर कोणी दिली?" मी विचारलं.

"खोलीतल्या कोणीतरी. खोलीत सगळे मित्र होते." तिनं हात झटकला. "ते मला नकोय. तो कुठे गेला, एवढंच हवंय."

आदल्या महिन्यात, डिसेंबरात, सिरियातली राजवट पडली होती आणि तुरुंग उघडले होते. हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे आणि सुटून आलेल्या कैद्यांचे फोनवरचे गट तिच्या मुलीनं शोधून काढले होते. लोक फोटो टाकत होते. हिच्याकडे फोटो नव्हता. पण सुटून आलेल्या एका वृद्धानं मुलीला सांगितलं होतं की फोटोंचा फारसा उपयोग नाही. कोठडीत डोळ्यांवर पट्टी असायची. माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची. बाजूच्या कोठडीतल्या माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं दिसायचा नाही, पण आवाज मरेपर्यंत विसरणार नाही, असं तो म्हणाला होता.

"तर मला त्याचा आवाज स्वच्छ करून द्या," शेजारीण म्हणाली. "कोणीतरी ओळखेल."

जाता जाता मी नोव्हेंबरमधल्या त्या गुरुवारबद्दल विचारलं.

"बाहेर जाताना लावून जाते," ती म्हणाली. "पुरुषाचा आवाज असला की चोर येत नाहीत." दाराच्या मुठीवर हात ठेवून ती थांबली. "आणि त्याला घराची सवय राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी बसून मी टेप जोडली. ती नेमकी त्या तीन 'पुन्हां'च्या जरा आधी तुटली होती. चाळीस वर्षं तिथेच मागे-पुढे करून फीत पारदर्शक होत आली होती. दोन्ही टोकांचा चुरगळलेला भाग मिळून तीन मिलिमीटर कापावे लागले. कॅसेटच्या गतीनं तो सेकंदाचा सोळावा हिस्सा होतो. भावाच्या आवाजातलं काही गेलं नाही. मग ती एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून संगणकावर उतरवून घेतली आणि मूळ कॅसेट डबीत घालून ठेवली.

कानांवर हेडफोन चढवून ऐकताना आधी गाणं ऐकू येतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गाणं मागे सरतं आणि खोली ऐकू येऊ लागते. बशीवर ठेवलेला पेला. एक बाक, ज्याचा एकच पाय करकरतो. लांब कुठेतरी पाण्याचा पंप. तीन दिवसांत मी चौदा माणसं वेगळी केली: कोणाचा खोकला, कोणाचं घसा साफ करणं, कोणाची 'अल्लाह' म्हणायची तऱ्हा. भाषा मला येत नाही, पण माणसं मोजायला भाषा लागत नाही.

पंधरावा माणूस चौथ्या दिवशी सापडला. तो मायक्रोफोनच्या इतका जवळ होता की आधी मी त्याला टेपचीच खरखर समजले होते. तो श्वास होता. पहिल्या मिनिटापासून एका लयीत चाललेला, नाकातून बारीक शिट्टी वाजणारा. गायक वरच्या सुरावर गेला की बाकी चौदा जणांचे श्वास अडकायचे. हा एकटा तसाच चालू राहायचा.

नवऱ्याला बोलावलं. तो आयुष्यभर भूलतज्ज्ञ होता. झोपलेल्या माणसांचे श्वास ऐकणं हेच त्याचं काम होतं. त्यानं डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं.

"नाकाचं हाड वाकडं आहे याचं. एक नाकपुडी जवळपास बंद."

"वय?"

"ते कसं सांगू? म्हातारा नाही. सिगारेट ओढत असेल." त्यानं हेडफोन काढला नाही. "अगं, पण हा किती शांत आहे. ऑपरेशनच्या टेबलावर इतका शांत पेशंट मला आवडायचा नाही."

बोललेले शब्द लिहून घ्यायला अरबी जाणणारा माणूस हवा होता. आमच्या खोलीत माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं एक इराकी सहकारी बसायचा, बगदादचा. तो आता क्रॉयडनमध्ये राहतो. मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेले.

"सिस्टर," दार उघडताच तो म्हणाला, "रिटायर झालेले लोक बागेत टोमॅटो लावतात."

"आमची बाग उत्तरेला आहे. ऊन येत नाही."

"माझीही. पण मी खोटं तरी बोलतो."

तो दीड तास सलग ऐकत बसला. मध्ये फक्त हातानं ताल धरायचा. गायक त्यानं लगेच ओळखला. हाच गायक पुढे काही वर्षांनी टीव्हीवर राज्यकर्त्याच्या वाढदिवसाची गाणी गात होता, असं शेजारणीनं सांगितलं होतं. ते मी त्याला सांगितलं. त्यानं खांदे उडवले.

"सगळेच गायले. आमच्याकडेही. शाळेत आम्ही रोज सकाळी गायचो, आणि चाल चांगली असायची, हीच पंचाईत." मग तो त्याच्या आईबद्दल बोलला. घरात रेडिओ दिवसभर चालू असे. गाणी एकाएकी थांबून लष्करी बँड सुरू झाला की आई काही न विचारता आधी घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवायची. काय झालं हे नंतर, संध्याकाळपर्यंत कळायचं. मला आठवलं, आमच्याकडे पुण्यातही सकाळच्या वेळी रेडिओवर नुसती सारंगी सुरू झाली की वडील दाढी अर्धी टाकून बाहेर यायचे आणि विचारायचे, कोण गेलं?

भावाबद्दल तो म्हणाला, "हा माणूस गायकाच्या आधी पोचतो. गायक कुठे जाणार आहे ते याला कळलेलं असतं." नंतर त्यानं पडद्यावरच्या श्वासाच्या रेषेवर बोट ठेवलं. "आणि हा?"

"त्याचं काय?"

"सगळ्यांनी दाद दिली. चहा देणाऱ्या नोकरानंसुद्धा, चालता चालता. यानं एकदाही नाही."

"गाणं आवडलं नसेल."

"न आवडलं तर लोक उठून जातात, नाहीतर झोपतात. हा दीड तास जागा बसलाय." त्यानं क्षणभर पडद्याकडे पाहिलं. "आमच्याकडे असा माणूस खोलीत असला की बायका आतून खूण करायच्या, गाणं बदला."

गाण्याच्या मधल्या रिकाम्या जागांत आवाज वाढवून ऐकायचा, ही आमच्या खोलीतली जुनी शिस्त. घोषणा संपली आणि माइक चालूच राहिला, तर खरी बातमी तिथे सापडते. मी प्रत्येक रिकामी जागा वाढवली होती. एकतीस मिनिटं बारा सेकंदांवर, दुसऱ्या 'पुन्हा'नंतर, तिसऱ्याच्या आधी, दोन कुजबुजते आवाज होते. सहकाऱ्यानं तो तुकडा तीनदा ऐकला. मग सावकाश लिहायला सांगितलं.

पुरुष, मायक्रोफोनजवळ: "हा कोण?"

तरुण स्त्री, मायक्रोफोनजवळ: "माझा भाऊ. शाळेत भूगोल शिकवतो."

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"ही मुलगी कोण?"

"रेकॉर्डिंग करणारी."

"म्हणजे तुझी शेजारीण."

"हो."

"आणि हा लॉग तिच्यासाठीच आहे ना?"

"हो. दोन प्रती काढणार आहे."

खिडकीखालून ट्राम गेली. ती जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.

"दोन प्रती," तो म्हणाला.

त्यानं काय विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. टेप लॉगशिवाय खोलीबाहेर जात नाही, आणि लॉगमध्ये ऐकू आलेलं सगळं असतं, हे आमचे पहिले दोन नियम. घरी येऊन मी लॉग टाइप केला. एकूण त्र्याण्णव नोंदी. खोकले, पेले, पंप, दाद, शब्द, प्रत्येकापुढे वेळ. टायपिंगच्या चुका तीनदा तपासल्या. आवाज कोणाचा ते जिथे कागदोपत्री माहीत नव्हतं, तिथे पद्धतीप्रमाणे लिहिलं: अनोळखी पुरुष, अनोळखी तरुण स्त्री. सोमवारी सकाळी अकरा वाजता पाकीट, पेन ड्राइव्ह आणि कॅसेटची डबी शेजारणीच्या हातात दिली. ती माझ्या गालाला गाल लावून आत गेली.

त्या गुरुवारी भिंतीपलीकडून काही आलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही.

"तुझा माणूस गेला वाटतं," नवरा म्हणाला.

शनिवारी मुलगी आली. युनिफॉर्मवरच होती. आत येणार नाही म्हणाली.

"तुम्ही ते का लिहिलंत?"

"टेपवर आहे."

"टेपवर खोकलेही आहेत."

"तेही लिहिलेत."

"माझ्या आईनं ती टेप चाळीस वर्षं ऐकलीय. तिनं हे कधी ऐकलं नव्हतं."

"ऐकू येण्यासारखं नव्हतं. मी आवाज वाढवला."

"का?"

तिनं फोन काढला, लॉगचा फोटो उघडला. "एकतीस-दहा ते एकतीस-वीस. एवढं कापून द्या. बाकीचं मी आज ग्रुपवर टाकते. तुम्हाला किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं."

"मग?"

"आईंना विचारलंत का?"

"आई बोलत नाही. कोणाशीच. आणि प्लीज, तुम्ही जाऊन तिला आणखी काही सांगू नका."

मी गेले नाही. पुढच्या बुधवारी शेजारणीनंच बोलावलं. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि फेब्रुवारीतला उजेड संपत आला होता. स्वयंपाकघरात टेबलावर माझा लॉग पडला होता, कडा मऊ झालेला. मुलगी गॅसपाशी पाठ करून उभी होती.

"ऐकवा," शेजारीण म्हणाली.

मी लॅपटॉप उघडून तो तुकडा लावला. तिनं तो चार वेळा ऐकला.

"मी किती खूश आहे," ती म्हणाली. "ऐकू येतंय ना? त्याच्याबद्दल कोणी विचारलं की मी अशी खूश व्हायचे."

तिनं लॉगच्या कडेवरून बोट फिरवलं.

"विचारणाऱ्यानं पायातले मोजे काढले नव्हते. तपकिरी होते. पुदिन्याचा वास यायचा त्याला. त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं."

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं की यंत्राजवळ कोण बसलं होतं, आणि ती म्हणाली होती, कोणी नाही, मी एकटीच. दोन्ही उत्तरं माझ्या वहीत आहेत.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, जवळ कोणी नव्हतं."

"तेव्हा नव्हता," ती म्हणाली. "आता आहे."

मग मी जे खरं होतं ते सांगितलं. नुसता प्रश्न म्हणजे गुन्हा नव्हे. खोलीत पंधरा माणसं होती, दारातून आणखी कोणी ऐकलं असेल. भावाचं नाव शहराला माहीत होतं. त्या ओळीवरून इतकंच सिद्ध होतं की एका पुरुषानं विचारलं आणि एका मुलीनं उत्तर दिलं.

"जारती, तुमच्या ऑफिसात असं बोलायचे?"

"हो."

"इथे नको."

मुलगी वळली. "ममा, कापूया ते. लोकांना तुझा आवाज कशाला हवाय? त्याचा हवाय. अख्ख्या जगाला कशाला सांगायचं?"

शेजारणीनं मुलीला अरबीत काहीतरी ऐकवलं. मुलीनं तोंड फिरवलं. मग शेजारीण मला उद्देशून इंग्रजीत म्हणाली, "त्याच्या आवाजातून मला काढू नका. मी तिथे होते."

तिनं पेन मागितलं. लॉगवर जिथे 'अनोळखी तरुण स्त्री' असं होतं, तिथे ते खोडून आपलं नाव लिहिलं, उजवीकडून डावीकडे, सावकाश. वरच्या ओळीतल्या 'अनोळखी पुरुष'पुढे ती काही वेळ पेन धरून बसली. मग टोपण लावलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलीनं एकोणतीस ते तेहतीस मिनिटांचा, मी आवाज वाढवलेला भाग, न कापता, दोन गटांवर टाकला. सोबतचा प्रश्न आईनं सांगितलेला: 'पुन्हा' म्हणणारा हा माणूस कोणी आत ऐकला आहे का?

पहिल्या दहा दिवसांत आलेले निरोप असे. बरेच सांत्वनाचे. एका बाईला तो आवाज तिच्या नवऱ्याचा वाटला. तिचा नवरा त्या बैठकीनंतर वीस वर्षांनी पकडला गेला होता. एका माणसानं गायकाचं नाव विचारलं. दुसऱ्यानं पूर्ण कॅसेट मिळेल का विचारलं, कारण या गायकाची घरगुती बैठकीची रेकॉर्डिंग आता मिळत नाहीत. मुलगी सगळे निरोप आईला वाचून दाखवत होती. शेजारीण प्रत्येकाला उत्तर द्यायला लावायची, कॅसेट मागणाऱ्यालाही.

अकराव्या दिवशी जर्मनीतून एक आवाजी संदेश आला. बोलणारा म्हातारा, वाक्यावाक्याला थांबणारा. मुलीनं तो आमच्या स्वयंपाकघरात लावला आणि ओळीओळीनं इंग्रजी केलं. तो बारा वर्षं आत होता. 'पुन्हा' म्हणणारा माणूस त्याला माहीत नव्हता. त्याच्यानंतर जो बोलतो, 'हा कोण?' असं विचारतो, तो माहीत होता. तो आत कैद्यांची चौकशी करायचा. चेहरा त्यानं कधी पाहिलेला नव्हता.

"झालं," मुलगी म्हणाली. "कळलं ना आता?"

मी म्हणाले की एका माणसाच्या सांगण्यावर आम्ही काही छापत नसू. आधी प्रश्न आणि आवाज दोन्ही ऐकवलेल्या माणसाला हवं ते ऐकू येऊ शकतं. ती चिडली, पण शेजारणीनं मान हलवली. आम्ही 'हा कोण?' एवढाच तुकडा वेगळा केला. गाणं नाही, भाऊ नाही, मुलीचं उत्तर नाही. सोबत काहीही न लिहिता, कशासाठी तेही न सांगता, तो गटांबाहेरच्या तीन जणांना पाठवला. त्यांचे नंबर इराकी सहकाऱ्यानं मिळवून दिले. तिघंही जर्मनीतल्या म्हाताऱ्याच्याच काळात, त्याच तुरुंगात होते.

एकाचं उत्तर आलं नाही. एकानं लिहिलं, ओळखत नाही. तिसरा तुर्कस्तानात राहतो. त्यानं संदेश न पाठवता थेट फोन केला, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी दोन वाजता. मुलीनं स्पीकर लावला. मी वेळ लिहिली. हे तुमच्याकडे कुठून आलं, असं त्यानं आधी विचारलं. मग म्हणाला की हा माणूस चौकशीच्या खोलीत पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा, याच आवाजात, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरं काही बोलायचा नाही.

त्यानंतर मुलीनं त्याला भावाचा तुकडा ऐकवला. त्यानं तो दोनदा ऐकवायला सांगितला.

जर्मनीतला आणि तुर्कस्तानातला, हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. सहकाऱ्यानं दोघांना स्वतंत्रपणे विचारून ते पक्कं केलं. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं. भावाचा आवाज दोघांपैकी कोणीही ओळखला नाही.